खडू, चीज आणि धारचा गंगू तेली

इंग्रजी वाचणाऱ्यास ‘चॉक अँड चीज’ हा वाक्प्रचार अपरिचित नसतो. दोन माणसे अथवा दोन वस्तू परस्परांहून इतक्या भिन्न आहेत की साम्याचा धागा शोधूनही सापडू नये, असे सांगावयाचे असले म्हणजे इंग्रज मनुष्य त्यांस खडू आणि चीज यांची उपमा देतो. वाक्प्रचार अगदी घरगुती आहे. त्यात पांडित्य नाही की काव्यही नाही. एका वर्णाची पुनरावृत्ती तेवढी आहे, आणि तीमुळेच तो जिभेवर बसला असावा. आपल्याकडे त्याच्या समोर ‘जमीन-अस्मानाचा फरक’ असे लिहिले, किंवा थोडा रंग भरावयाचा असल्यास ‘कोठे इंद्राचा ऐरावत आणि कोठे शामभटाची तट्टाणी’ असे लिहिले, की काम भागले असे समजण्याची रीत आहे. माळव्याकडे ज्यांचा राबता आहे ते ‘कोठे राजा भोज आणि कोठे गंगू तेली’ असे म्हणतील. या जोड्या वरवर पाहता बिनचूक वाटतात. परंतु त्या बिनचूक नाहीत, आणि त्यांतील चूक निव्वळ शब्दांची नाही, असे मला वाटते.

प्रथम मूळ वाक्प्रचाराकडे पाहू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन गॉवर या इंग्रज कवीने आपल्या ‘कन्फेसिओ अमँटिस’ या दीर्घ काव्यात खडू व चीज यांची जोडी वापरली आहे. तेथे तिचा अर्थ भेद दाखविण्याचा नसून फसवणुकीचा आहे: चीज म्हणून खडू गळ्यात मारणे. यावरून एक गोष्ट लक्षात येते. फसवणूक होण्यास दोन वस्तूंत थोडे तरी दर्शनी साम्य लागते. दोन्ही पांढुरक्या, दोन्हींचा तुकडा पडतो, दोन्हींचा चुरा होतो. मात्र एक जिभेवर ठेवण्याची आणि दुसरी फळ्यावर घासण्याची. म्हणजे हा वाक्प्रचार ज्यांत साम्य असेल अशी आपली अपेक्षा असते, त्याच दोघांस लावला जातो. दोघे सख्खे भाऊ, एकाच कचेरीतील दोन कारकून, एकाच गुरूचे दोन शिष्य, नवरा आणि बायको. हत्ती आणि मुंगी यांना कोणी इंग्रज खडू-चीज म्हणणार नाही, कारण तेथे अपेक्षाभंगच होत नाही.

विल्टशर परगण्यात या वाक्प्रचाराला भूगोलाचा आधार दाखवितात. तेथे एका बाजूस खडूच्या खडकाची उघडी माळराने, धान्याची व मेंढरांची. दुसऱ्या बाजूस ओलसर, गवताळ सखल प्रदेश, गाईंचा व चीजचा. सतराव्या शतकात जॉन ऑब्रे या चौकस गृहस्थाने या दोन मुलखांतील माणसांचे स्वभावही कसे निराळे आहेत ते नोंदून ठेवले. वाक्प्रचार तेथेच जन्मला असे मात्र म्हणता येत नाही. गॉवरचे काव्य ऑब्रेच्या पुष्कळ आधीचे आहे. अमेरिकेत याच जागी ‘सफरचंदे आणि संत्री’ अशी जोडी ऐकू येते. परंतु तिचा उपयोग बहुधा तुलनाच गैर आहे असे सांगण्याकडे होतो, आणि खडू-चीजचा उपयोग तुलना करून पाहिल्यावर काहीच जुळले नाही असे सांगण्याकडे. हा फरक बारीक असला तरी अनुवाद करणाऱ्याने तो ओळखावा.

आता महत्त्वाचा मुद्दा. खडू आणि चीज यांत श्रेष्ठ कोण? प्रश्नच अस्थानी आहे. खडूने चीजपेक्षा मोठे व्हावे किंवा चीजने खडूपुढे लाजावे असे काही त्या जोडीत नाही. दोन्ही एकाच फळीवर, शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. आपल्या तिन्ही प्रतिशब्दांकडे पाहा: जमीन खाली आहे, अस्मान वर आहे, ऐरावत इंद्राच्या दारी झुलतो आहे आणि शामभटाची तट्टाणी बिचारी कोठे तरी उकिरड्याशी उभी आहे, भोज सिंहासनावर आहे आणि गंगू घाण्यापाशी. वेगळेपणा सांगावयास निघालेली आपली भाषा नकळत शिडी उभी करते आणि एकाला वरच्या पायरीवर, एकाला खालच्या पायरीवर ठेवून येते.

याचा परिणाम काय होतो? समजा, एखाद्या इंग्रजी कादंबरीतील आई आपल्या दोन मुलांविषयी शेजारणीला सांगते की दोघे म्हणजे खडू आणि चीज. तिच्या स्वरात थोडे नवल आहे, थोडे कौतुक आहे, दोघांवरही सारखीच माया आहे. अनुवादक लिहितो: ‘दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हो!’ मराठी वाचकाच्या मनात तत्क्षणी प्रश्न उभा राहतो की, यांतला वाया गेलेला कोणता? पुढची चार प्रकरणे तो त्या वाया गेलेल्या मुलाची वाट पाहत बसतो, आणि तो काही येत नाही. आईने जे म्हटलेच नव्हते ते अनुवादकाने तिच्या तोंडी घातले. सुनांविषयी बोलणाऱ्या सासूच्या तोंडी हेच वाक्य घातले तर काय अनर्थ होईल, ते वाचक भगिनींस सांगावयास नको.

शिडी टाळावी म्हणून दुसरीकडे वळावे तर तेथे भांडण उभे. ‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ घ्या, ‘छत्तीसचा आकडा’ घ्या. तीन आणि सहा यांनी एकमेकांकडे पाठ फिरविली आहे. विळा भोपळ्याला भेटतो तो चिरण्यासाठीच. ज्या दोघांचे जुळत नाही त्यांचे वैरच असावयाचे, असे या संप्रदायांनी गृहीत धरले आहे. खडू आणि चीज यांचे वैर नाही. इंग्रजी घरांत असे पतिपत्नी चाळीस वर्षे सुखाने नांदतात आणि पाहुणे त्यांना खडू-चीज म्हणतच असतात.

हा दोष आपल्या भाषेच्या प्रकृतीतच आहे काय? तसे म्हणणे मला मान्य नाही, आणि माझा साक्षीदार कालिदास आहे. ‘कोठे हे, कोठे ते’ या मराठी रचनेची आणि कोकणीतील ‘खंय हें, खंय तें’ या ठेवणीची वडीलधारी म्हणजे संस्कृतातील ‘क्व... क्व’ ही रचना. रघुवंशाच्या दुसऱ्याच श्लोकात कवीने सूर्यवंश एकीकडे आणि आपली तोकडी बुद्धी दुसरीकडे ठेवली आहे. दोन ‘क्व’ आले म्हणजे मोठे अंतर सुचविले जाते, असे टीकाकार मल्लिनाथ तेथे सांगतो. येथे शिडी आहेच, परंतु खालच्या पायरीवर कवीने स्वतःला ठेवले आहे. तो विनय झाला. दुसऱ्याला तेथे ढकलणे निराळे. आणि शाकुंतलाच्या पहिल्या अंकात आश्रमाच्या हरिणावर बाण रोखलेल्या दुष्यंताला तपस्वी अडवितात तेव्हा पुन्हा हीच दोन ‘क्व’ येतात: हरिणाचा चंचल, कोवळा जीव कोठे, आणि वज्रासारखे कठोर बाण कोठे. तेथे बाण मोठा आणि हरिण लहान असे कोणाला म्हणावयाचे आहे? ही दोन एकत्र आणू नयेत, यांची गाठ पडणेच विपरीत, एवढेच म्हणावयाचे आहे. आलंकारिकांनी अशा अननुरूप जोडणीला विषम अलंकार हे नाव दिले. म्हणजे आपल्या रचनेत दोन्ही शक्ती पहिल्यापासून होत्या. आपण त्यांतील एक वापरीत राहिलो आणि दुसरी गंजू दिली.

या दृष्टीने गंगू तेल्याची म्हण तिच्या जन्मगावी जाऊन तपासण्याजोगी आहे. ते गाव म्हणजे धार, भोजाची धारानगरी, पुढे पवारांच्या संस्थानाची राजधानी. तेथे दिलावरखानाने १४०५ साली बांधविलेली लाट मशीद आहे, आणि तिच्याजवळ भोजाच्या काळचा म्हणून ओळखला जाणारा लोहस्तंभ तीन तुकड्यांत आडवा ठेवलेला आहे. तिन्ही तुकड्यांची लांबी मिळून सुमारे तेरा मीटर भरते. विद्वान त्यास विजयस्तंभ म्हणतात. लोक त्याला तेल्याची लाट म्हणत आले. लोककथा अशी की गांगली नावाची एक राक्षसीण होती, जातीने तेलीण; हा स्तंभ म्हणजे तिच्या तराजूची दांडी, आणि आसपास पडलेले प्रचंड पाषाण म्हणजे तिची वजने. मांडूच्या वाटेवर नालछा गाव लागते, त्याच्याजवळची एक टेकडी तेलणीची टेकडी म्हणून दाखवितात. तेलणीने घागरा झटकला तेव्हा पडलेल्या धुळीची ती झाली म्हणे. म्हणीतला गंगू तेली हा मूळचा या गांगली तेलणीवरून आला, असे तेथील लोक मानीत.

दुसरी उपपत्ती पंडितांची आहे. त्यांच्या मते ‘गंगू’ म्हणजे त्रिपुरीचा कलचुरी राजा गांगेयदेव आणि ‘तेली’ म्हणजे तैलंग, अर्थात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा. भोजाने या दोघांवर मात केली, तिचा हा विजयघोष लोकांच्या तोंडी घासून घासून ‘गंगू तेली’ झाला. उपपत्ती मोठी मोहक आहे, आणि मोहक आहे म्हणूनच मी तिच्याकडे थोडा साशंकतेने पाहतो. शब्दांचे असे मुके घेऊन इतिहास सिद्ध करण्याची हौस आपल्याकडे फार. शिवाय भोज आणि गांगेय काही काळ चालुक्यांविरुद्ध एका बाजूनेही लढले होते, तेव्हा सगळा प्रकार वाटतो तितका सरळ नाही.

परंतु दोन उपपत्तींपैकी कोणतीही घ्या. एकीत भोजासमोर उभी आहे ती तेरा मीटर लोखंडाच्या दांडीने तेल जोखणारी राक्षसीण. दुसरीत उभे आहेत ते दोन बलाढ्य राजे. दोहोंपैकी एकातही गरीब, तुच्छ, घाण्याला जुंपलेला कोणी गंगू नाही. धारेच्या लोककथेतील तेलीण ही भोजाच्या तोडीची, आपल्या परीने अचाट आहे. राजा ग्रंथ लिहितो, मंदिरे उभारतो, तलाव बांधतो, आणि ही टेकड्या झटकते. त्यांची तुलना होत नाही ती दोघांच्या विश्वांचा मेळ नाही म्हणून. म्हणजे ही म्हण आपल्या जन्मगावी खडू-चीजच्या बरीच जवळ होती. तेथून ती बाहेर पडली, गांगली विसरली गेली, स्तंभ कोणाला ठाऊक राहिला नाही, आणि उरला केवळ ‘तेली’ हा शब्द. त्या शब्दावर आमच्या समाजाने आपली शिडी ठेवली.

हे निरुपद्रवी नाही. एका उद्योगी समाजाचे नाव हलकेपणाचे माप म्हणून शतकानुशतके वापरले गेले, तेही त्या महाराष्ट्रात जेथे तुकोबांच्या टाळकऱ्यांत संताजी जगनाडे होते. तेली कुळातील या भक्ताने तुकोबांचे अभंग आपल्या हाताने उतरून ठेवले, असे वारकरी परंपरा कृतज्ञतेने सांगते. पुण्याजवळ सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे. ज्याच्या लेखणीमुळे अभंग आपणापर्यंत पोहोचण्यास साह्य झाले, त्याच्या समाजाचे नाव आपण दोन माणसांतला वेगळेपणा सांगण्यासाठी सहज उच्चारून जातो. देवळातील नंदादीपात जे तेल जळते ते कोठून आले याचा तरी विचार व्हावयास हवा होता. म्हणी जुन्या आहेत म्हणून त्या टाकू नयेत असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही; त्या कोशात राहोत, त्यांचा इतिहासही लिहिला जावो. मात्र आजच्या अनुवादात, जेथे मूळ लेखकाच्या मनात उच्चनीचतेचा लेशही नाही, तेथे ती आपण होऊन आणून बसविण्याचे कारण काय?

धारेहून ईशान्येकडे देवासला आलो की हाच प्रश्न उलट्या बाजूने भेटतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवास मिळविले, आणि दोघांच्या वंशांत ते वाटले गेले. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन कारभार. १८४१ पासून दोन्ही संस्थाने स्वतंत्रपणे चालू लागली, तरी त्यांच्या जमिनी एकमेकींत गुंतलेल्याच राहिल्या; राजधानीतील मुख्य रस्त्याच्या एका बाजूस एकाचा अंमल, दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचा, आणि दोन्ही बाजूंची पाण्याची व दिवाबत्तीची व्यवस्थाही निरनिराळी. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली तोवर हे चालले. मराठीत त्यांना ‘थोरली पाती’ आणि ‘धाकटी पाती’ म्हणत. पाती म्हणजे वाटा. पातीदार म्हणजे भागीदार. शब्द किती समंजस आहे! थोरला-धाकटा हा जन्माचा क्रम सांगितला, पुढे वाटा हा वाट्यासारखा वाटा. ज्याने हे नाव दिले त्याला भावाभावांच्या वाटणीचा अर्थ चांगला कळत होता.

इंग्रजांनी याचे भाषांतर ‘सीनियर ब्रँच’ आणि ‘ज्युनियर ब्रँच’ असे केले. वाट्याची फांदी झाली, आणि थोरला-धाकट्याचा ‘सीनियर-ज्युनियर’ झाला. कचेरीत काम केलेल्या कोणालाही विचारा. ‘ज्युनियर’ या शब्दातून वयापेक्षा हुद्द्याचाच वास अधिक येतो. वस्तुतः दोन्ही राजांस पंधरा पंधरा तोफांची सलामी होती, म्हणजे खुद्द सरकारच्या दरबारी मान समान. एवढे असून नावात मात्र एक साहेब आणि एक त्याच्या हाताखालचा. तेव्हा शिडी मराठीतच असते आणि इंग्रजी सदैव समदृष्टी असते, असे कोणी समजू नये. येथे आपला शब्द शेजारी शेजारी बसविणारा होता, आणि भाषांतराने त्याला उभा केला.

ई. एम्. फॉर्स्टर हा कादंबरीकार प्रथम १९१२ च्या अखेरीस देवासला आला आणि १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने तेथे राहिला. त्या दिवसांची पत्रे व आठवणी त्याने १९५३ साली ‘दि हिल ऑफ देवी’ या पुस्तकात दिल्या. पुस्तक जिव्हाळ्याचे आहे. महाराजांवर त्याचे प्रेम होते आणि ते तो लपवीत नाही. एका गावातील दोन दरबारांची गंमतही तो रसिकतेने सांगतो. तथापि पुस्तकाच्या नावापाशी मराठी वाचक क्षणभर थबकतो. त्या टेकडीवर देवी एक नाही. तेथे तुळजाभवानी आहे, तिला ‘बडी माता’ म्हणतात. आणि चामुंडा आहे, तिला ‘छोटी माता’ म्हणतात. दोघी बहिणी, असे भाविक सांगतात. टेकडी चढणारा एकीचे दर्शन घेऊन दुसरीकडे जातो, आणि ‘छोटी’ म्हणून चामुंडेपुढे नारळ लहान फोडीत नाही.

गोमंतकातील वाचकांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाई या सात बहिणींतल्याच. एकीच्या जत्रेत धोंड अग्निदिव्य करतात, दुसरीचा उत्सव निराळा, तिसरीचा आणखी निराळा. परंपरेने तर म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीलाही त्या बहिणींत धरले आहे. यांत मोठी कोण, श्रेष्ठ कोण, असा प्रश्न जत्रेला जाणाऱ्याच्या मनात येत नाही. ज्या समाजाला दैवतांच्या बाबतीत शेजारी शेजारी ठेवणे इतके सहज जमते, त्याला माणसांच्या बाबतीत त्यासाठी शब्द सापडू नये, हे विचित्र आहे खरे.

शब्द नाहीत असे मात्र नाही. ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ या म्हणीत शिडीही नाही नि वैरही नाही. ‘पाचही बोटे सारखी नसतात’ यात लांबी कमीजास्त आहे, परंतु हात एकच आहे, आणि करंगळीवाचून मूठ वळत नाही. ‘याची जातकुळीच निराळी’ हा प्रयोग वाङ्मयसमीक्षेत आपण करतो तो आंब्याच्या जाती सांगाव्या तशा अर्थाने. तो खडू-चीजच्या पुष्कळ जवळ जातो. अडचण एवढीच की पहिली दोन वाक्ये सर्वांविषयीची आहेत आणि तिसरे ग्रांथिक आहे. दोघांविषयी, घरात, हसत हसत म्हणावयाचे वाक्य हवे असेल तर मी साधे मराठी पसंत करीन: ‘एका आईची लेकरे, पण एकाचे म्हणून दुसऱ्यात काही नाही.’ वाक्प्रचारास वाक्प्रचारच पाहिजे हा अनुवादकांचा हट्ट मला पटत नाही. खडू आणि चीज शब्दशः आणू म्हटले तर तेही जमत नाही. आपल्याकडे चीज दुकानात मिळू लागले असले तरी खडूशी त्याची सांगड घालण्याची सवय जिभेला नाही, आणि वाचक ‘हे काय बरे?’ म्हणून अडखळतो.

गरज सर्वांत अधिक भासते ती कलासमीक्षेत. पुन्हा देवासचेच उदाहरण घेऊ. याच गावात उस्ताद रजब अली खाँ यांचे वास्तव्य होते. ते १९५९ साली वारले. आणि याच गावात १९४८ साली कुमार गंधर्व प्रकृतीच्या कारणाने येऊन राहिले, ते १९९२ साली देह ठेवीपर्यंत. खाँसाहेबांची तान अवघड, बिकट, चढाईची. ती ऐकताना श्रोत्याने सावरून बसावे. कुमारांचे गाणे माळव्याच्या लोकगीतांशी बोलत, निर्गुणी भजनांतून वाट काढीत गेले. मधली स्तब्धताही त्यांच्या गाण्याचाच भाग. अशा दोघांविषयी मराठीत लिहू लागलो की लेखणी आपोआप तराजू मागते. एकाचे पारडे खाली, एकाचे वर. मग पक्ष पडतात, पत्रव्यवहार होतो, आणि गाणे बाजूस राहते. इंग्रज समीक्षक येथे खडू-चीज म्हणून पुढच्या परिच्छेदाला लागला असता. आपण काय लिहावे? देवासच्याच भाषेत लिहिता येईल: एका गावातल्या दोन पाती.